रुमाल, मोडी आणि बिनतारी कार्ड

जुने कागद टिपताना फोटो काढणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. खरी कसोटी पुढे असते. काढलेला फोटो वाचता येतोय की नाही, हे कागदाची घडी घालून तो पुन्हा रुमालात बांधायच्या आत कळायला हवं. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या तीन इंची पडद्यावर सगळंच छान दिसतं. घरी येऊन मोठ्या पडद्यावर फोटो उघडला की कळतं, मधल्या दोन ओळी हललेल्या आहेत, किंवा घडीच्या कडेला अर्धं अक्षर सावलीत गेलंय. आणि तो कागद तर घाटाखाली कोकणात राहिलेला असतो.

नोकरी सांभाळून मी मोडी लिपीतल्या दप्तरांचं छायाचित्रण करते. राजापूर तालुक्यातल्या एका खोत घराण्याचं दप्तर टिपताना वाय-फायचं मेमरी कार्ड हाताशी आलं आणि आमची कामाची सगळी पद्धतच बदलली. तो अनुभव जरा तपशिलात सांगते. अजून कितीतरी माळ्यांवर असे रुमाल पडून आहेत आणि ते टिपायला निघालेल्यांना याचा उपयोग होईल, असं मला मनापासून वाटतं.

दप्तर म्हणजे खारव्याच्या कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्यांनाच रुमाल म्हणतात. वाटणीपत्रं, खोतीचे हिशेब, निवाडे, भाऊबंदांची एकमेकांना धाडलेली पत्रं, असं सगळं त्यांत आहे. घरात ऐंशी ओलांडलेल्या आजी आणि त्यांचा नातू असे दोघंच. आजींनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "बघायचं ते इथे बसून बघ. कागद उंबऱ्याबाहेर जायचे नाहीत हो." त्यांच्या सासऱ्यांनी कधीकाळी एक रुमाल कुणाला वाचायला दिला होता, तो परत आला नाही. ही गोष्ट कोकणात आणि देशावर मी इतक्या घरांत ऐकली आहे, की त्या अटीबद्दल मी एका शब्दानंही वाद घातला नाही. कागद घरातून हलणार नसेल तर सगळं घरातच व्हायला हवं. टिपणं घरात, तपासणंही घरात आणि शंका आली तर तोच कागद पुन्हा उलगडणंही घरातच.

आमच्याबरोबर मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. त्यामुळे ते माजघरात पलंगावर आणि मी पडवीत, कारण उजेड पडवीतच चांगला. फ्लॅश मी वापरत नाही. एका बाजूनं येणारा मऊ उजेड कागदाच्या सुरकुत्या दाखवतो आणि शाईही चमकू देत नाही.

कॅमेरा साधा, सुरुवातीच्या किमतीतला डीएसएलआर. त्याला स्वतःचं वाय-फाय नाही. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचा एक स्टँड करून घेतला होता. त्याच्या आडव्या हाताला कॅमेरा उलटा, भिंग सरळ खाली जमिनीकडे. खाली राखाडी कापडाचा तक्ता, त्यावर कागद, कडेला मोजपट्टी आणि रुमालाचा व कागदाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. अडचण अशी, की या वर्गातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत कार्डाची जागा तळाला, बॅटरीच्या शेजारी असते आणि स्टँडची पट्टी नेमकी त्याच दारावर बसते. कार्ड काढायचं म्हणजे कॅमेरा स्टँडवरून उतरवायचा. पुन्हा चढवला की चौकट हलते, फोकस नव्यानं लावावा लागतो आणि आधीच्या कागदांशी मोजमाप जुळत नाही. म्हणून कार्ड दिवसभर आतच राहायचं आणि रात्री बाहेर यायचं. तोवर रुमाल बांधून माळ्यावर गेलेला असायचा.

यूएसबीची तार का नाही लावली, असं कुणीही विचारेल आणि तो प्रश्न रास्त आहे. तार लावून फोटो थेट लॅपटॉपवर घेता येतात. ते वेगवानही असतं आणि भरवशाचंही. एखाद्या संस्थेच्या खोलीत, टेबलावर, वीज असताना मी आजही तेच करीन. पण इथे दिवसातून कधीही वीज जायची आणि लॅपटॉप फार वेळ तग धरणारा नव्हता. शिवाय अडीचशे वर्षांच्या कागदावर तार लोंबकळत ठेवायला माझं मन धजत नव्हतं. त्या कागदांच्या कडा नुसत्या श्वासानं हलतात. आणि मुख्य म्हणजे फोटो बघायचा होता तो भिंतीपलीकडे पलंगावर बसलेल्या गुरुजींनी.

मग हे कार्ड आणलं. दिसायला ते नेहमीच्या एसडी कार्डासारखंच, २४ बाय ३२ मिलिमीटर, जाडी २.१ मिलिमीटर. पण एवढ्याशा जागेत फोटो साठवणारी मेमरी, एक छोटा प्रोसेसर, वाय-फायचा रेडिओ आणि अँटेना एवढं सगळं बसवलेलं असतं. वीज ते कॅमेऱ्याच्याच बॅटरीतून घेतं. कॅमेऱ्याला मात्र यातलं काहीच ठाऊक नसतं. तो आपला नेहमीसारखा कार्डावर फोटो लिहितो आणि कार्ड दुसऱ्या बाजूनं तोच फोटो हवेतून देतं.

अशा कार्डांचा इतिहास लहान आहे. कॅलिफोर्नियात २००५ साली सुरू झालेल्या आय-फाय या कंपनीचं पहिलं कार्ड २००७ मध्ये बाजारात आलं, २ जीबीचं. ते घरच्या वाय-फायवरून फोटो संगणकाकडे आणि वेबकडे धाडायचं. तोशिबानं २०१२ मध्ये फ्लॅशएअर आणलं. ते वेगळ्या विचाराचं कार्ड होतं. ते स्वतःच वाय-फायचं छोटं नेटवर्क उभं करतं आणि स्वतःच एक बारीकसा वेब सर्व्हर चालवतं. फोन त्या नेटवर्कला जोडायचा, ब्राउझर उघडायचा, कार्डावरचे फोल्डर समोर येतात. मध्ये राउटर नको, इंटरनेट नको, कुठल्या कंपनीचं खातंही नको.

याच फरकामुळे मी फ्लॅशएअर निवडलं. आय-फायची जुनी कार्डं, एक्स२ आणि त्याआधीची, मांडणीसाठी, म्हणजे सेटिंगसाठी, कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होती. २०१६ च्या सप्टेंबरात त्यांचा आधार बंद झाला. ज्या गावात मोबाइलची रेंज बघायला आंब्याच्या चढावर जावं लागतं, तिथे बाहेरच्या सर्व्हरवर विसंबून कसं चालेल? मी घेतलं तेव्हा फ्लॅशएअरची डब्ल्यू-०४ ही २०१७ साली आलेली पिढी बाजारात होती. त्यातलं ३२ जीबीचं कार्ड घेतलं.

आजींना वेगळीच काळजी होती. हवेतून फोटो जातात हे नातवाकडून कळल्यावर त्या पडवीत येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, हे कागद त्या इंटरनेटवरून जगभर जाणार नाहीत ना? जमिनीचे आहेत ते."

गुरुजी ज्यावर फोटो बघत होते तो टॅबलेट मी त्यांना दाखवला. वरच्या पट्टीत "इंटरनेट नाही" असं लिहून आलेलं. कार्डाचं नेटवर्क या घरापुरतं, अंगणातून पुढे गेलं की तुटतं. त्यांनी नातवाला टॅबलेट घेऊन गोठ्यापर्यंत जायला सांगितलं. गोठ्यापाशी नेटवर्क गेलं. तेव्हाच त्या आत वळल्या. त्यांची काळजी अगदी योग्य होती आणि तिचं उत्तर असं समोर दाखवता आलं याचं मला फार समाधान वाटलं. म्हणूनच कार्ड हातात आल्यावर पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं. कारखान्यातून आलेला पासवर्ड १२३४५६७८ असतो आणि तो सगळ्या जगाला माहीत आहे. नेटवर्कचं नावही बदलावं.

मांडणीसाठी कार्डात एक लपवलेला फोल्डर असतो आणि त्यात कॉन्फिग नावाची साधी मजकुराची फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडते. कुणी जोडलेलं नसेल तर पाच मिनिटांनी कार्ड आपला रेडिओ बंद करतं. त्या फाइलीत हा काळ मिलिसेकंदांत लिहिलेला असतो, ३०००००. आमच्या कामाला पाच मिनिटं अगदीच अपुरी. एक कागद उलगडायला, ब्रशनं धूळ झटकायला, कडा सरळ करून वाळूच्या पुरचुंड्या ठेवायला कधी कधी दहा मिनिटं जातात. तिथे शून्य लिहिलं, की रेडिओ आपणहून बंद होत नाही.

पण तेवढं पुरत नाही. कार्डाला वीज देतो तो कॅमेरा. कॅमेरा झोपला की कार्डही झोपतं. कॅमेऱ्याच्या मेन्यूत ऑटो पॉवर ऑफ असतं, ते पूर्ण बंद ठेवायला हवं. मग बॅटरी भराभर उतरते. नेहमी दिवसभर पुरणारी बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंतही टिकत नव्हती. मी जादा बॅटऱ्या नेल्या होत्या, पण बॅटरीचं दारही तळालाच! शेवटी स्टँडची पट्टी आणि कॅमेरा यांच्या मध्ये फॅब्रिकेशनवाल्याकडून एक लाकडी ठोकळा बसवून घेतला. कॅमेरा त्यावर थोडा उंच बसला आणि दार उघडायला बोटभर जागा झाली. मग चौकट न हलवता बॅटरी बदलता येऊ लागली. खरं तर त्यानंतर कार्डही काढता आलं असतं. पण तोवर बिनतारी पद्धतीची इतकी सवय झाली होती, की कुणी तसं सुचवलंसुद्धा नाही.

दुसरी अडचण टॅबलेटची. ज्या नेटवर्कला इंटरनेट नाही ते हल्लीच्या उपकरणांना बिघडलेलं वाटतं आणि ती आपणहून मोबाइल डेटावर उडी मारतात. गुरुजी म्हणायचे, "ताई, पडदा कोरा झाला." उपाय सोपा आहे. आधी विमान मोड लावायचा, मग त्यातच फक्त वाय-फाय सुरू करायचं. परतायला दुसरं नेटवर्कच नसल्यानं टॅबलेट कार्डाला चिकटून राहतो.

तिसरी, भिंतीची. घर जांभ्याचं, भिंती हातभर जाडीच्या. कार्डाचा रेडिओ अगदी दुबळा, त्यात तो कॅमेऱ्याच्या पोटात आणि कॅमेरा लोखंडी पाइपला टेकलेला. पडवीतून माजघरात फोटो कसाबसा यायचा, मध्येच तुटायचा. पलंग दाराच्या सरळ रेषेत ओढून घेतला आणि स्टँड असा फिरवला, की पाइप कॅमेऱ्याच्या आड येणार नाही. एवढ्यानं काम भागलं.

वेगाची अपेक्षा ठेवू नये. मी प्रत्येक कागदाची रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, आणि जेपेग, म्हणजे आकारानं लहान केलेला फोटो, अशी दोन्ही रूपं घेते. रॉ फाइल वीस-पंचवीस एमबीची, ती हवेतून मागवण्यात अर्थ नाही. गुरुजींकडे फक्त जेपेग जायचं आणि ते काही सेकंदांत उघडायचं. तेवढ्यात मी कागदाची दुसरी बाजू लावून घ्यायची. पुण्याच्या एका मैत्रिणीच्या मुलीनं लॅपटॉपसाठी पायथन या संगणकाच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहून दिला. फ्लॅशएअरला साध्या वेब पत्त्यावरून "नवं काही आलंय का" असं विचारता येतं आणि फोल्डरची यादीही मागता येते. तो प्रोग्राम दर थोड्या वेळानं विचारायचा आणि नवं जेपेग दिसलं की उतरवून घ्यायचा. वीज असली की आम्ही तो वापरला, नसली की नुसता टॅबलेट.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना बजावून सांगते. वाय-फायच्या बाजूनं कार्डावरून फक्त वाचायचं. लिहायचं नाही, खोडायचं नाही. कार्डावर कुठली फाइल कुठे आहे त्याचा तक्ता कॅमेरा आपल्या स्मरणात धरून चालतो. मागच्या दारानं कुणी त्यात बदल केला तर कॅमेऱ्याला ते कळत नाही. तो जुन्या तक्त्याप्रमाणे लिहीत राहतो आणि फाइली एकमेकींवर चढू शकतात. टॅबलेटवरून एखादा हललेला फोटो खोडायचा मोह होतोच. तो फोटो खुशाल राहू द्यावा, वहीत त्याच्यापुढे फुली मारावी. आणि हवेतून आलेलं जेपेग म्हणजे जपून ठेवलेली प्रत नव्हे. रात्री कार्ड काढून कार्ड रीडरमधून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर सगळं उतरवायचं, दोन्हीकडे फाइली उघडतात हे बघायचं आणि त्यानंतरच कार्ड मोकळं करायचं.

आता हे सगळं कशासाठी, ते एका कागदावरून सांगते.

हातभर लांबीचं ते वाटणीपत्र. चार घड्या. शाई काळी, अजून टवटवीत. पण वरून दुसऱ्या ओळीतून घडीचा तडा गेलेला आणि तो नेमका सालावर. मोडी कागदांत साल बहुतेक वेळा शुहूर सन या जुन्या कालगणनेत असतं, अरबी अंकशब्दांत लिहिलेलं. या कागदावर "मया व अलफ" स्पष्ट होतं, म्हणजे शंभर आणि हजार. त्याआधीचा दशकाचा शब्द तड्यात. पहिलं अक्षर जवळजवळ गेलेलं, दुसरं अर्धवट, शेवटी "न". पाच मिनिटांत गुरुजींची हाक आली.

"ताई, हे सबैन आहे की तिसैन, सांगता येत नाही मला. घडी थोडी मोकळी करून पुन्हा घ्या."

सबैन म्हणजे सत्तर, तिसैन म्हणजे नव्वद. सन सबैन मया व अलफ असेल तर शुहूर ११७०, म्हणजे इसवी १७६९-७०. तिसैन असेल तर ११९०, म्हणजे १७८९-९०. मध्ये वीस वर्षं. आणि मजकुरात पेशव्यांचा उल्लेख नुसता "श्रीमंत माधवराव" असा. १७६९ ला गादीवर थोरले माधवराव आणि १७८९ ला सवाई माधवराव. नावावरून काहीच ठरत नव्हतं.

मी कागदाला खालून ब्लॉटिंग पेपरची पट्टी दिली. तडा दोन बाजूंनी अगदी हलकेच एकमेकांजवळ आणला. उजेड डावीकडून येत होता, त्यामुळे तड्याची उजवी कड सावलीत जात होती. तिथे समोरून पांढरा पुठ्ठा धरला आणि फोटो घेतला. थोड्या वेळानं पुन्हा आतून आवाज. "आता दुसरं अक्षर अर्धं दिसतंय. पुठ्ठा जरा खाली." पुठ्ठा खाली, पुन्हा फोटो. असं काही वेळ चाललं. शेवटच्या फोटोत तड्याच्या कडेला शाईचा केसाएवढा एक तुटका फराटा उजेडात आला. गुरुजींनी टॅबलेटवर तो बोटांनी इतका मोठा केला, की कागदाचे धागे दिसायला लागले. मग त्याच रुमालातल्या दुसऱ्या एका कागदावरचं, त्याच कारकुनाच्या हातचं "स" काढून शेजारी धरलं. मोडीत प्रत्येक लिहिणाऱ्याचं वळण वेगळं असतं, त्यामुळे तुलना त्याच हाताशी करावी लागते. दुसरं अक्षर "स" नव्हतं. ते "बै" होतं. सबैन. थोरल्या माधवरावांच्या काळातलं वाटणीपत्र.

आजी दारातच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे आमची वाटणी आधी झाली की त्या वरच्या घराची?" गुरुजींनी वरच्या घराच्या कागदाचं साल आधीच लावून ठेवलं होतं. ते म्हणाले, "तुमची आधी हो, आजी." हा वाद त्यांच्या भाऊबंदकीत किती पिढ्या चालत आला आहे, ते मला संध्याकाळी चहाच्या वेळी कळलं.

हेच काम घरी येऊन केलं असतं तर? "साल अस्पष्ट, बहुधा तिसैन किंवा सबैन" अशी नोंद करून आम्ही पुढे गेलो असतो. कागद समोर नसताना तडा जवळ आणता येत नाही आणि पुठ्ठाही खाली घेता येत नाही. इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं धुंडाळली तेव्हा कागद हातात घेऊन तिथल्या तिथे वाचायचे आणि नकला करायच्या, हाच मार्ग होता. कागद आणि वाचणारा एकाच वेळी एकाच ठिकाणी असत. कॅमेरा आल्यावर आपण झपाट्यानं टिपू लागलो, पण वाचणं मागे पडलं, नंतर कधीतरी करायचं म्हणून राहिलं. या कार्डामुळे गुरुजी पुन्हा कागदाच्या शेजारी आले, भिंतीपलीकडे बसून का होईना. मला त्याचं महत्त्व वेगापेक्षा आणि सोयीपेक्षा कितीतरी जास्त वाटतं.

कामाचा झपाटा कमीच झाला, हेही सांगायला हवं. पूर्वी दिवसाला जितके कागद व्हायचे त्याच्या साधारण अर्धे होऊ लागले, कारण बरेच कागद पुन्हा घ्यावे लागत. पण सुटलेल्या जागा आणि शंकांच्या खुणा वहीत फारच थोड्या राहिल्या. गुरुजी फोटो बघता बघताच विषय, साल, गावांची नावं सांगत आणि नातू ती चिठ्ठीच्या क्रमांकापुढे लिहून घेई. रुमाल बांधायच्या वेळी त्याची यादीही तयार असे. त्या यादीची एक छापील प्रत आजींनी देवघरातल्या फडताळात ठेवली आहे, हार्ड डिस्कच्या शेजारी.

फ्लॅशएअर आता दुकानात नवं मिळत नाही. तोशिबाचा मेमरीचा धंदा वेगळा झाला, २०१९ मध्ये त्याचं नाव किओक्सिया झालं. हल्लीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत वाय-फाय आतच असतं आणि नवा कॅमेरा घेणाऱ्यानं कार्डाच्या मागे लागू नये. ज्यांच्याकडे जुना, चांगल्या अवस्थेतला डीएसएलआर आहे त्यांनी मात्र वापरलेलं कार्ड कुणाकडे मिळतं का ते जरूर बघावं. घेताना लॅपटॉपला लावून लपवलेला फोल्डर आणि कॉन्फिग फाइल जागेवर आहे का ते तपासावं. आधीच्या मालकानं ते नुसतं फॉरमॅट करून टाकलं असेल तर आतली मांडणी गेलेली असण्याची शक्यता असते. असं एक दुसरं कार्ड मी मिळवून ठेवलंय. संगमेश्वर तालुक्यातल्या एका घरानं दप्तर बघायला बोलावलंय, तेही घरातच बसून टिपायच्या अटीवर. त्यांच्याकडे वीज बरी असते म्हणतात. म्हणून या खेपेला बॅटरीच्या जागी बसणारा, तारेनं विजेला जोडायचा अडॅप्टर घेतलाय. तार कागदावरून न जाता पाइपच्या मागच्या बाजूनं नेता येईल असे दोन आकडे फॅब्रिकेशनवाल्यानं स्टँडला जोडून दिलेत.